'शिक्षक दीन' आणि फोनचा कीबोर्ड

दिवाळीत वरठीला घरी गेलो होतो. आठवीतल्या भाचीच्या वहीत निबंधाचं नाव होतं, 'शिक्षक दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा! मॅडमनी लाल गोल केला होता. भाची म्हणाली, "मामा, मला मराठी येतच नाही."

येतं गं! फोनवर आपण रोमन अक्षरांत 'डी-आय-एन' टाइप करतो. ह्रस्व की दीर्घ हे कीबोर्डच सुचवतो, आपण पहिला शब्द दाबून मोकळे. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. रोमनमध्ये दोन्ही बहुतेक सारखेच लिहितो. मग हात शब्द विसरतो आणि परीक्षेत कागद काही सुचवत नाही.

आपल्या झाडीबोलीतलं 'पानी' मात्र चूक नाही, ती बोली आहे. पेपरात फक्त 'पाणी' लिहायचं.

शासनमान्य लेखननियम १९६२ चे. १९७२ ची भर धरून अठराच. एकापासून सुरुवात करा: शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ. कवी, गुरू. अपवाद 'आणि', 'नि'. रोज पाच वाक्यं हातानं लिहा.

भाचीनं सुरू केलंय. भेटू पुढच्या भागात!