व्यसनाचा धनी कोण?

एखादा संसार दारूपायी धुळीस मिळाला की गावात त्याचा निकाल लागावयास फार वेळ लागत नाही. ‘त्याला कोणी धरून पाजली होती काय?’ एवढ्या एका प्रश्नात सारी चौकशी आटोपते. आई वाईट संगतीला दोष देते, बायको नशिबाला. दुकानदार परवान्याकडे बोट दाखवितो आणि सरकार कायद्याकडे. गंमत अशी की, यांतील प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असते. प्रत्येकाने आपला वाटा असा पुढे सरकविला म्हणजे शेवटी सारे ओझे, ते उचलण्याचे बळ ज्याच्या अंगी सर्वांत कमी उरले आहे, त्याच्या माथी येऊन पडते.

हा जबाबदारी सरकविण्याचा खेळ किती मोठ्या प्रमाणावर चालू शकतो, याचा दाखला माळव्याच्या अफूने घालून दिला आहे. एकोणिसाव्या शतकात होळकर, शिंदे आणि आसपासच्या इतर संस्थानांत खसखशीचे पीक भरघोस होई. बोंडाला चिरा पाडून निघालेला चीक शेतकरी गोळा करी. पण पीक उभे राहण्यापूर्वीच सावकाराची उचल त्याच्या अंगावर असे. इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांकडून माल मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे आणि तेथून जहाजाने चीनला जाई. बंगालमध्ये अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. माळवा पडला संस्थानी मुलूख. तेथे तो मक्ता चालेना. माल कराचीच्या लांबच्या वाटेने फिरून पोर्तुगिजांच्या दमणला पोहोचू लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने अडवणुकीचा नाद सोडला आणि पासाची पद्धत काढली: पेटीमागे ठरलेली रक्कम भरा आणि मुंबई बंदरातून माल खुशाल न्या. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली आणि पासाचा दर चढत गेला. जमीनमहसुलाच्या खालोखाल सरकारला मोठे उत्पन्न देणाऱ्या बाबींत अफूची गणना होऊ लागली.

या साखळीत चिनी माणसाच्या हाती नळी कोणी दिली? शेतकऱ्याने तर केवळ पीक काढले. सावकाराने व्याज घेतले. संस्थानाने जकात घेतली. व्यापाऱ्याने नफा घेतला आणि कंपनीने पास दिला. कर वाढविला म्हणजे सेवनाला आळा बसतो, असेही समर्थन वर होतेच. विलायतेत अफूविरुद्ध ओरड वाढल्यावर १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही कमिशन बसले. त्याने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये निर्वाळा दिला की, हिंदुस्थानातील लोक अफू बहुतांशी बेताने घेतात. बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एकाच सभासदाने भिन्न मत नोंदविले. हिंदी लोक अफू बेताने घेत असतीलही. परंतु ज्यांना बेत राखता आला नाही त्यांचे काय, याचा जाब तिजोरीला विचारला गेला नाही, तो नाहीच. पुढे १९०७ च्या करारानंतर चीनकडे जाणारा माल घटत गेला आणि १९१३ मध्ये तो व्यापार संपला.

आता मुंबईकडे वळावे. १९२० च्या दशकात गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी झाली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफूची गोळी देण्याची चाल सर्रास आढळली. आई पाळीवर जावयाची. घरी मूल सांभाळावयास कोणी नाही. रडत राहिले तर शेजार बोलणार. गोळी दिली की मूल तासन्‌तास निपचित पडे. ‘कोणी धरून पाजली होती काय?’ या प्रश्नाचे उत्तर येथे ‘होय’ असेच आहे, आणि पाजणारा हात आईचा आहे. तरी तिला एकटीला गुन्हेगार ठरविण्यास कोणाचे मन धजेल? गिरणीपाशी पाळणाघर असते, तर त्यांतील कितीतरी गोळ्या डबीतच राहिल्या असत्या.

प्रौढ माणसाची गोष्ट निराळी, हे खरे. पहिला पेला तो आपल्या हाताने उचलतो. परंतु शंभरावा पेला पहिल्यासारखा नसतो. मद्य किंवा अफू रोज पोटात जाऊ लागली म्हणजे मेंदू आपला व्यवहार त्या द्रव्याला धरून बसवितो. मग ते मिळाले नाही तर हात कापतात, झोप उडते, घाम फुटतो. फार दिवस फार पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून ‘मनात आणले तर आज सोडील’ हे वाक्य जितके सर्वत्र ऐकू येते तितके ते निर्धोक नाही. तेथे वैद्यकीय देखरेख लागते. शिवाय एकाच पंगतीला बसलेल्या दहांपैकी कोणाला ते जडेल, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ज्या इच्छाशक्तीने सुटावे असे सांगितले जाते, नेमकी तीच या विकारात खिळखिळी होते.

तेव्हा व्यसनी माणूस सर्वस्वी निर्दोष ठरतो काय? तसे मुळीच नाही. नशेत बायकोवर हात उगारणाऱ्याला कायदा सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. आपखुषीने केलेली नशा ही सबब होऊ शकत नाही. रोग जडला याचा दोष आणि उपचार घेण्याची जबाबदारी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. क्षयाच्या रोग्याला कोणी दोषी मानीत नाही. पण औषध चुकवू नये, एवढी अपेक्षा त्याच्याकडून असतेच.

सरकारी धोरणाने मात्र ही दोन्ही टोके एकाच मुठीत धरली आहेत. मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे, असे घटनेचे ४७ वे कलम म्हणते; आणि पिण्याच्या दारूवरील कर राज्यांच्या हाती राहावा म्हणून २०१७ साली ती वस्तू-सेवा करातून वगळलीही जाते. २०१७ चाच मानसिक आरोग्य कायदा दारू व मादक द्रव्यांच्या गैरवापरातून येणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजारात मोजतो, तर १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्या द्रव्यांच्या सेवनालाच शिक्षा सांगतो. या दुसऱ्या कायद्यात एक सवलत आहे. व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारास गेला, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याबद्दल त्याच्यावरील खटल्यातून त्याला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकले तर ते संरक्षण काढून घेता येते. अशी केंद्रे काढण्याविषयीचे कलमही त्याच कायद्यात आहे. त्यात सरकारला योग्य वाटतील तितकी केंद्रे सरकार काढू शकेल, एवढेच म्हटले आहे.