गॅलिलिओ: दंतकथा आणि कागदपत्रे

पृथ्वी फिरते याचा बिनतोड पुरावा गॅलिलिओच्या हाती होता आणि रोमने तो पाहायलाच नकार दिला, असे आपण सर्रास सांगतो. तसे नव्हते. १६१० मध्ये त्याने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शुक्राच्या कला. शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यातून पक्के झाले आणि सगळे पृथ्वीभोवती फिरते ही टॉलेमीची जुनी मांडणी कोसळली. पण टायको ब्राहेने आणखी एक मांडणी आधीच सुचवली होती: ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन स्थिर पृथ्वीभोवती फिरतो. शुक्राच्या कला तिच्यातही चपखल बसत होत्या.

टायकोचा आक्षेपही भक्कम होता. पृथ्वी एवढी मोठी फेरी मारत असेल, तर जानेवारीत पाहिलेला तारा जुलैत किंचित सरकलेला दिसायला हवा. तो कुणालाच तसा दिसत नव्हता. तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत, हे त्याचे खरे उत्तर. पण ते सरकणे प्रत्यक्ष मोजून जाहीर झाले १८३८ साली, फ्रीड्रिख बेसेलकडून. गॅलिलिओला जाऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती.

त्याने स्वतः हुकमी पुरावा म्हणून पुढे केली ती भरती-ओहोटी. पृथ्वीच्या गतीमुळे समुद्र हिंदकळतो, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते चूक होते. केप्लरने चंद्राकडे बोट दाखवले होते. गॅलिलिओने ते झिडकारले. केप्लरच्या लंबवर्तुळाकार कक्षाही त्याने कधी स्वीकारल्या नाहीत. यामुळे रोमने त्याच्यावर चालवलेल्या खटल्याचा १६३३ चा निकाल मात्र न्याय्य ठरत नाही. पुरावा अपुरा वाटला तर वाद घालावा. सत्तरीला टेकलेल्या माणसाला गुडघ्यांवर बसवून मत मागे घ्यायला लावणे हा अन्यायच होता.

चर्चचा विरोध पहिल्या दिवसापासून होता, हाही समज टिकत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला तो पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेला. त्यावर बंधन आले १६१६ मध्ये, म्हणजे ७३ वर्षांनी.

गॅलिलिओ अंधारकोठडीत खितपत मेला, असेही ऐकू येते. त्याला छळाची धमकी दिली गेली, पण शिक्षा झाली ती नजरकैदेची, आणि फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री इथल्या घरात तो १६४२ मध्ये वारला. ‘तरीही ती फिरते’ हे उद्गार खटल्याच्या नोंदींत नाहीत. १७५७ च्या एका पुस्तकात ते छापील सापडतात. दुर्बीणही त्याने शोधलेली नाही. १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स लिपरहे याने तिच्या हक्कासाठी अर्ज केला होता; गॅलिलिओने ती सुधारून आकाशाकडे वळवली.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्याची गोष्ट मात्र मला सर्वांत खटकते, कारण तिने त्याचे खरे काम झाकून टाकले. ती येते विव्हियानी या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून; गॅलिलिओच्या स्वतःच्या लेखनात ती नाही. उंचावरून दोन गोळे टाकण्याचा प्रयोग सिमॉन स्टेव्हिनने केला होता आणि १५८६ मध्ये छापलाही होता. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड होता.

गॅलिलिओचा प्रश्न याहून अवघड होता: पडताना वेग नेमका कसा वाढतो? सुटलेला गोळा डोळ्याचे पाते लवेपर्यंत खाली येतो, आणि इतका कमी वेळ मोजणारे भरवशाचे घड्याळ तेव्हा नव्हते. म्हणून त्याने पडणेच संथ केले. लांब लाकडी तुळईत सरळ खाच पाडली, ती घासून गुळगुळीत केली, तिच्यात चर्मपत्र बसवले आणि तुळई थोडी तिरकी ठेवून खाचेतून काशाची गोळी सोडली. वेळ मोजला पाण्याने. गोळी घरंगळत असताना मोठ्या भांड्याच्या बारीक नळीतून पडलेले पाणी पेल्यात धरायचे आणि तराजूत तोलायचे. हे शंभरदा करून पाहिल्याचे तो १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात सांगतो. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते, तिप्पट वेळात नऊपट. उतार कमी-जास्त केला, तरी हे प्रमाण बदलले नाही.