डेटाबेसचं नाव बरोबर, पण पत्ता रस्त्यावरचा!



बॅचमधल्या एका ताईंचा प्रश्न होता. बिलिंगचं अ‍ॅप एजन्सीच्या एडब्ल्यूएस खात्यात आणि मायएसक्यूएल डेटाबेस, म्हणजे आरडीएस, ताईंच्या स्वतःच्या खात्यात. दोन्ही नेटवर्क व्हीपीसी पीअरिंगने जोडली, राउट टेबलही भरले. तरी अ‍ॅप चालू केलं की 'टाइम आउट'. डेव्हलपर म्हणाला, "सिक्युरिटी ग्रुपमध्ये ०.०.०.०/० टाकतो, लगेच चालेल."

चालेल हो, पण त्याचा अर्थ समजून घ्या. जगातला कुठलाही कॉम्प्युटर मग तुमच्या डेटाबेसच्या दारापर्यंत येणार. आत ग्राहकांचे फोन नंबर, उधारीचं खातं, सगळं आहे, आणि मध्ये उरला फक्त एक पासवर्ड.

आता खरी भानगड सांगतो. समजा तुमचे शेजारी-शेजारी दोन गाळे आहेत. मधली भिंत फोडून आतून दार काढलंत, ते झालं पीअरिंग. पण पोऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर अजून रस्त्यावरचा पत्ता आहे. तो बाहेरून फिरून पुढच्या शटरला जातो आणि वॉचमन त्याला ओळखत नाही. दार आहे, चिठ्ठी चुकीची.

आरडीएसला आपण नावाने हाक मारतो, त्या नावाचा आयपी पत्ता डीएनएस सांगतो. डेटाबेसला 'पब्लिक अ‍ॅक्सेस' चालू असेल तर एकाच नावाची दोन उत्तरं असतात. त्याच व्हीपीसीमधून विचारलं तर खासगी आयपी, बाहेरून विचारलं तर पब्लिक आयपी. आणि पीअरिंग केलेलं शेजारचं नेटवर्क डीएनएसच्या लेखी 'बाहेरचं'च असतं, जोपर्यंत तुम्ही वेगळं सांगत नाही.

खात्री कशी करायची? अ‍ॅपच्या सर्व्हरवर एनएसलुकअप आणि पुढे डेटाबेसचं पूर्ण नाव टाका. (स्वतःच्या लॅपटॉपवर करू नका, तिथलं उत्तर वेगळं येईल.) डेटाबेसच्या व्हीपीसीच्या रेंजमधला पत्ता आला, उदाहरणार्थ १०.०.३.२५, तर नाव ठीक आहे. मग राउट आणि सिक्युरिटी ग्रुप तपासा. भलताच पब्लिक आकडा आला, तर चोर सापडला.

उपाय दोन. पहिला मला जास्त आवडतो: बाहेरून कुणालाच लागत नसेल तर पब्लिक अ‍ॅक्सेस बंद करा. मग ते नाव सगळीकडून खासगी आयपीच देतं. वर पैसेही वाचतात, कारण १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर.

पब्लिक ठेवणं भागच असेल तर पीअरिंग कनेक्शनमध्ये 'एडिट डीएनएस सेटिंग्ज'मध्ये जा आणि समोरच्या व्हीपीसीला खासगी आयपी मिळू द्या ही टिक लावा. डेटाबेस ज्याच्या व्हीपीसीत आहे, त्याच्या बाजूची टिक हवी. इथे खाती दोन, त्यामुळे ती ताईंनीच लावायची, एजन्सीला लावता येणार नाही. दोन्ही व्हीपीसीत 'डीएनएस रिझोल्यूशन' आणि 'डीएनएस होस्टनेम्स' चालू पाहिजेत, हे लोक हमखास विसरतात. नंतर सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅपच्या खासगी रेंजला ३३०६ पोर्ट द्या.

आणि हो, "नाव कशाला, थेट आयपीच लिहू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मल्टी-एझेड डेटाबेसचा मुख्य सर्व्हर बंद पडला की तेच नाव राखीव सर्व्हरकडे वळवलं जातं. आयपी लिहिला असेल तर तुमचं अ‍ॅप बंद पडलेल्या सर्व्हरलाच हाका मारत बसेल, तेही ऐन दिवाळीच्या गर्दीत.

आज डेव्हलपरला फोन करून एवढंच विचारा: आपल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ०.०.०.०/० कुठे आहे का, आणि का?