पॅरिसहून आलाय ट्रंक कॉल!

लुई व्हितॉन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? तपकिरी बॅग, तिच्यावर 'एलव्ही'ची नक्षी आणि पोटात गोळा आणणारा प्राइस टॅग! पण माहीत आहे का, या बड्या फॅशन हाउसनं पहिली 144 वर्षं रेडी-टू-वेअर कपड्यांचं कलेक्शनच काढलं नव्हतं? दुकान उघडलं 1854 मध्ये, कपडे आले थेट 1998 मध्ये. तोवर सगळा मामला सामानसुमानाचा!

आणि श्रीगणेशा? चक्क पायी! फ्रान्सच्या डोंगराळ जुरा भागातला आंशे गावचा लुई 1835 मध्ये घराबाहेर पडला. वय 13. पॅरिस साडेचारशे किलोमीटरहून लांब. पडेल ते काम करत पठ्ठ्या पोचला दोन वर्षांनी.

तिथं त्यानं पेट्या बनवून सामान भरून देणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. होय, तेव्हा पॅकिंग हा स्वतंत्र धंदा होता. घेरदार झगे चुरगळू न देता पेटीत बसवायचे म्हणजे खायचं काम नाही! लुईचा हात असा बसला की फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचं सामानही तोच भरू लागला. फॅशनशी नातं तेव्हापासूनच. फक्त कपडे दुसऱ्यांचे, घड्या याच्या!

आता खरी कमाल. पूर्वी ट्रंकांची झाकणं घुमटासारखी फुगीर असत, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. घोडागाडीच्या टपावर ठीक, पण आगगाडीत आणि बोटीत एकावर एक रचणार कशा? 1858 मध्ये लुईनं झाकण सपाट केलं आणि वरून करड्या रंगाचं, पाणी न शिरणारं हलकं कॅनव्हास चढवलं. झाली की रास! आज साधी गोष्ट वाटते, पण मला विचाराल तर या घराची सगळ्यात स्टायलिश डिझाइन हीच.

हिट झाली म्हणजे कॉपी आलीच. नक्कल करणाऱ्यांना चकवायला 1872 मध्ये पट्टे आले. त्यांचीही नक्कल झाली! मग 1888 मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, वर नोंदणीकृत असल्याची ओळ छापून. शेवटी 1896 मध्ये मुलगा जॉर्ज यानं फुलं आणि वडिलांची आद्याक्षरं गुंफून मोनोग्राम काढला. ज्या नक्षीची जगभर सर्वाधिक नक्कल होते, ती मुळात नक्कल रोखायला जन्मली. आहे ना गंमत?

कुलपाचा किस्सा तर टाळीचा! बापलेकांनी 1886 मध्ये दणकट कुलूप तयार केलं. जॉर्जनं वर्तमानपत्रातून साक्षात हॅरी हूडिनीला आव्हान दिलं, आमच्या पेटीतून सुटून दाखव! सुटकेच्या त्या बादशहानं आव्हान काही स्वीकारलं नाही.

आता कान टवकारा, यात आपला माणूस आहे! 1926 मध्ये या घरानं बडोद्याच्या महाराजांसाठी खास चहाची ट्रंक बनवली. तेव्हा गादीवर होते सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले. चहाचा अख्खा सरंजाम एका पेटीत. प्रवासातही राजेशाही 'टी-टाइम'!

चहा झाला, आता शॅम्पेन. माहीत आहे का, 'नोए' ही बॅग 1932 मध्ये शॅम्पेनच्या पाच बाटल्यांसाठी बनली? चार उभ्या आणि मधोमध एक उलटी. आता तीच बॅग लिपस्टिक आणि मोबाइल सांभाळते.

आणखी एक धक्का देऊ? ती प्रसिद्ध मोनोग्राम बॅग बहुतांशी चामड्याची नसतेच! लेप दिलेलं कापडी कॅनव्हास असतं ते. चामडं असतं पट्ट्यांना आणि काठांना. फिकट रंगाचं हे चामडं वापरता वापरता गडद मधाळ होत जातं.

'स्पीडी' बॅग छोटी का झाली? कारण अभिनेत्री ऑड्री हेपबर्ननं तशी मागितली!

पैशाचं बोलूया. 1987 मध्ये शॅम्पेन आणि कोन्याकवाल्या मोएत हेनेसीशी हातमिळवणी झाली आणि 'एलव्हीएमएच' समूह जन्मला. पुढे त्याची सूत्रं बर्नार्ड आर्नो यांच्याकडे गेली. 2022 मध्ये एकट्या लुई व्हितॉन ब्रँडची विक्री 20 अब्ज युरोंच्या पार! आणि सेलची वाट बघू नका, इथं डिस्काउंटचा बोर्ड लागत नाही.

फुटबॉल वर्ल्ड कपची ट्रॉफी 2010 पासून कशातून फिरते? एलव्हीच्याच ट्रंकेतून. ट्रॉफी बदलते हात, ट्रंक देते साथ!

आणि जून 2025 चा पॅरिसमधला पुरुषांचा फॅशन शो? डिझायनर फॅरेल विल्यम्स, थीम भारत, संगीतात ए. आर. रहमान आणि सेट 'स्टुडिओ मुंबई'च्या बिजॉय जैन यांचा. मॉडेल्स चालले कशावर, माहीत आहे का? भल्यामोठ्या सापशिडीवर! तोच आपला मोक्षपट, ज्याचं नातं मराठी परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते.