थांबताच येत नाही यार!

आमच्या भागात दुखणं गावच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं, की एकच वाक्य ऐकू येतं, ‘मिरजेला न्या!’ १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि हे गाव दवाखान्यांचंच होऊन गेलं. मुतखडा, हर्निया, मणका... सगळ्याला मिरज. पण एक दुखणं असं आहे, की ते सांगायला खुद्द मिरजकरही लाजतो.

समजा, तो तिशीच्या आतला. बरी नोकरी, नुकतंच लग्न. ती झोपली की हा मोबाइल घेऊन गॅलरीत. पॉर्न, अनोळखी बायकांशी चॅट, कधी त्याच्याही पुढे. पहाटे तीनला स्वतःचाच राग येतो, ‘बास, आजपासून बंद!’ दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. आणि आता त्यात मजाही उरलेली नाही. (‘तो’च्या जागी ‘ती’ही असू शकते बरं का!)

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून, याला ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर डिसऑर्डर’ असं रीतसर नाव आहे. व्यसनांच्या खात्यात नाही, तर आवेगावर ताबा न राहण्याच्या आजारांत. दिवसातून किती वेळा, हा मुद्दाच नाही. साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलाय, काम, तब्येत, नाती यांची वाट लागतेय, तरी थांबता येत नाही, ही खरी खूण. आणि नुसतं ‘मी पाप करतोय’ म्हणून मन खात असेल, तर तेवढ्यावरून हा आजार ठरत नाही. आपल्याकडे निम्मी मंडळी इथेच उगाच घाबरलेली असतात असं मला वाटतं.

हा घोळ जुनाच आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत आणि वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे हरले.

आता तिच्याकडे वळू. मोबाइल हातात सापडला की तिचा पहिला प्रश्न, ‘माझ्यात काय कमी आहे?’ बहुतेकदा काहीच नाही. एकटेपणा, ऑफिसचा ताण, उदासी बधिर करायला अनेकांना हा मार्ग सापडतो आणि मग तोच मानगुटीवर बसतो. तिला जास्त लागतं ते महिनोन्‌महिन्यांचं खोटं. मग ती रोज त्याचा फोन तपासू लागते. बायकोची पोलीस झाली की दोघांचीही झोप जाते, फायदा शून्य. कबुली द्यायचीच असेल तर एकदाच आणि खरी. हप्त्याहप्त्याने नको! बाहेर संबंध आला असेल तर दोघांनी एचआयव्ही आणि इतर तपासण्या करून घ्याव्यात.

उपचार आहेत. मुख्यतः बोलण्याचे, गरज पडली तर गोळ्यांचे. मागे डिप्रेशन आहे का, हेही डॉक्टर बघतात. पार्किन्सनच्या काही औषधांनीसुद्धा असा ताबा सुटतो, म्हणून चालू गोळ्यांची नावं सांगायची. तिलाही स्वतंत्र समुपदेशन लागू शकतं, त्याच्या फाइलला जोडून नव्हे. सुरुवात फोनवरून करायची तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि मिरजेतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खिडकीवर सगळी कहाणी सांगत बसू नका, ‘मानसोपचार’ एवढं म्हटलं तरी पुरे.