कौलातून आलेले ग्रहण

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दिवशी मी हुबळीला मावशीच्या घरी होतो. वय दहा वर्षांचे. दुपारी साडेतीन-पावणेचारच्या सुमारास तेथून खग्रास सूर्यग्रहणाची सावली जाणार होती. कर्नाटकच्या किनाऱ्यापासून पुरी-कोणार्कपर्यंत तिचा पट्टा पसरला होता. देशविदेशातले शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन त्या पट्ट्यात मुक्कामाला आले होते. आणि आम्ही भावंडे दारे-खिडक्या लावून माजघरात बसलो होतो. मावशीला दिवस गेले होते. तिने काही चिरायचे नाही आणि आम्ही बाहेर डोकवायचे नाही, असा आईचा हुकूम होता.

पण घर कौलारू होते. एका फुटक्या कौलातून जमिनीवर रोज एक कवडसा पडे, रुपयाएवढा गोल. त्या दुपारी तो गोल राहिला नाही. आधी एका बाजूने कुरतडल्यासारखा झाला, मग चंद्रकोरीसारखा, मग नखाच्या कडेएवढा, आणि विझला. बाहेर कावळे ओरडू लागले. दोन-अडीच मिनिटांनी कोर परत आली, या खेपेला दुसऱ्या बाजूने. लहान छिद्रातून पडणारा कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते, हे मला पुढे शाळेत कळले. म्हणजे ग्रहणाचा सगळा चढउतार मी पाहिला होता, फक्त ती दोन-अडीच मिनिटे सोडून. आणि लोक हजारो मैल जातात ते नेमके तेवढ्यासाठीच!

असे का? सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य आपल्यापासून चंद्राच्या मानाने साधारण तितक्याच पट लांब आहे. म्हणून आकाशात दोघे सारख्याच आकाराचे दिसतात आणि चंद्राची चकती सूर्यावर बरोबर बसते. ती पूर्ण बसली तरच सूर्याभोवतीचे प्रभामंडल दिसते. त्याचे तापमान दहा लाख अंशांच्या वर असले तरी उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढा. सूर्यबिंबाचा उजेड त्याच्या लाखो पट. त्यामुळे सूर्याचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी प्रभामंडल लपलेलेच राहते. परीक्षेत ९९ टक्के म्हणजे मोठे यश. ग्रहणात ९९ टक्के आणि १०० टक्के यांत दिवस-रात्रीचे अंतर आहे.

पृथ्वीवर कुठे ना कुठे सरासरी दीड वर्षाने खग्रास ग्रहण होते. पण सावलीचा पट्टा फार तर दोन-अडीचशे किलोमीटर रुंद असतो. एकाच गावावर तो पुन्हा येण्यास सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. ग्रहण आपल्या दारी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, आपणच त्याच्याकडे जायला हवे.

म्हणून २२ जुलै २००९ च्या ग्रहणाला आम्ही नाशिकहून गाडीने सुरतेला निघालो. चंद्र पृथ्वीच्या जवळ आणि सूर्य लांब असल्याने हे शतकातले सर्वांत लांब ग्रहण होते. पॅसिफिक महासागरावर ६ मिनिटे ३९ सेकंद, सुरतेला तीन मिनिटांहून थोडे अधिक. नाशिकला सूर्य ९५ टक्क्यांहून जास्त झाकला जाणार होता. "मग घरूनच पाहू की," असे पत्नीचे म्हणणे. मी तिला वरचा सगळा हिशेब ऐकवला. आश्चर्य म्हणजे आई म्हणाली, "मी पण येते."

आषाढातली अमावास्या. आईने आदल्या दिवशी दिव्याच्या अवसेसाठी दिवे घासून ठेवले, दशम्यांच्या डब्यात तुळशीचे पान घातले आणि गाडीत बसली. सापुताऱ्याच्या घाटात धुवाधार पाऊस. वघई, वांसदा मागे पडले तरी वायपर थांबेना. मुलगी ग्रहणाचे चष्मे मांडीवर घेऊन बसली होती. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच वापरायची नाही, खग्रास स्थिती सोडून सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे नाही, हे तिने आजीला दोनदा बजावले.

पहाटे साडेपाचला तापीच्या पुलापाशी उभे राहिलो. आभाळ गच्च. सूर्योदय झाला तो घड्याळात. तरी चांगले उजाडले होते, नदीचे पाणी दिसत होते. सहा वाजून वीस मिनिटे झाली आणि पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने, काळोख चालत आला. उगवलेली सकाळ मावळली. पुलावरच्या गाड्यांनी दिवे लावले, पक्षी गप्प झाले. चष्मे मुलीच्या हातातच राहिले. सूर्य नाही, प्रभामंडल नाही, नुसती सावली. आईने माझे मनगट घट्ट धरले होते. तीन मिनिटांनी पुन्हा उजाडले तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मीही खिडकी उघडली नव्हती रे. बाहेर असं असतं होय!"

परतताना चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. वाराणसीला घाटांवरच्या लोकांना पूर्ण ग्रहण दिसले होते. मुलगी हिरमुसली. आईने दशम्यांचा डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि मला विचारले, "आता आपल्याकडे पुन्हा कधी?"

"२० मार्च २०३४. काश्मीर-लडाखच्या बाजूला."

तिने बोटांवर मोजले. "म्हणजे मी शहाऐंशीची. येईन की. पण गाडी तू नको चालवू, हिला चालवू दे."

मुलगी आता गाडी चालवते. आई अधूनमधून तारखेची आठवण करून देते. आणि ग्रहणाच्या त्या मिनिटांत प्रभामंडल कसे दिसते, हे अजून आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.