ज्वारी उगवेल असे पाणी

रंगीत सांडपाणी नितळ दिसू लागले की ते स्वच्छ झाले, असे आपण धरून चालतो. कापड रंगवण्याच्या धंद्यात हा समज धोक्याचा आहे, आणि तो खोडून काढणारे काम आपल्याच भागात झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. तिथे जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापक संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापडाच्या रंगांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. इचलकरंजीचे कापड कारखाने जवळच असल्याने विषय दारातच होता. सुती कापडासाठी वापरला जाणारा रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा धाग्याला धरत नाही. कमीत कमी दहा टक्के, तर काही वेळा निम्म्यापर्यंत रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. धुऊन किंवा उन्हाने उडू नये म्हणूनच तो घडवलेला असतो. साहजिकच ओढ्या-नदीतही तो सहजी कुजत नाही.

यातले बरेचसे रंग ॲझो कुळातले. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध त्यांना रंग देतो, तो तुटला की रंग जातो. ऑक्सिजन नसेल तेव्हा अनेक जिवाणू हा बंध चटकन तोडतात. पण खरी गोम पुढे आहे. तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये उरतात. ती बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत आणि बेंझिडीनसारखी काही तर कर्करोगाला कारण ठरतात. अशा धोक्यामुळेच केंद्र सरकारने १९९७ मध्ये सत्तर ॲझो रंगांवर बंदी घातली. म्हणून कोल्हापूरच्या या गटाने स्यूडोमोनास प्रजातीतला एक जिवाणू वेगळा करून त्याला विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून ‘एसयूके-१’ असे नाव दिले, तेव्हा रंग गेला एवढ्यावर ते थांबले नाहीत. रंग तुटल्यावर नेमके काय उरले ते त्यांनी तपासले. या गटाच्या अनेक अभ्यासांत ज्वारी आणि उडदाचे दाणे एकीकडे मूळ रंगाच्या द्रावणात, दुसरीकडे विघटनानंतर उरलेल्या द्रव्यात आणि तिसरीकडे साध्या पाण्यात ठेवलेले आढळतात. किती दाणे उगवले, कोंब किती लांब, मूळ किती लांब, हे मोजायचे. माझ्या मते त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. पाण्याच्या रंगाऐवजी पाण्याच्या परिणामाला इथे साक्षीला बोलावले आहे, आणि ती साक्ष कोणत्याही शेतकऱ्याला वाचता येते.

पुढे हेच काम वनस्पतींकडे वळले. बागेत लावतात त्या चिनी गुलाबाने नेव्ही ब्लू एचई२आर हा रंग चाळीस तासांत ९८ टक्क्यांपर्यंत नाहीसा केल्याची नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मुळांतील लॅकेज, पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे रंगाचा रेणू फोडतात. झेंडू, गॅलार्डिया, पाणकणीस यांवरही प्रयोग झाले, तेही खऱ्या सांडपाण्यावर. यावर कारखानदार विचारतील की एवढी जागा आणि एवढा वेळ आणायचा कुठून? आक्षेप रास्त आहे. रोजचे लाखो लिटर पाणी एकट्या झाडांवर सोपवता येणार नाही. आधीच्या प्रक्रियेनंतरचा शेवटचा टप्पा म्हणूनच ती शोभतील. दुसरा आक्षेप असा, की टायटॅनियम डायऑक्साइडसारखे उत्प्रेरक प्रकाशात हेच काम झटपट करतात. करतात, पण असे कितीतरी प्रयोग शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या मिथिलीन ब्लूसारख्या एकाच रंगावर होतात. प्रोसेस हाउसच्या गटारात मीठ, सोडा, खळ, साबण आणि अनेक रंग एकत्र असतात. शिवाय रेणू अर्धवट फुटला तर इथेही मधलीच द्रव्ये हाती येतात. पद्धत जिवाणूची असो, झाडाची की प्रकाशाची, कसोटी एकच हवी.

मिठाचा प्रश्न तर या तिन्हींच्या आवाक्याबाहेरचा आहे. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर बसावा म्हणून भरपूर मीठ घालतात आणि रंग तुटला तरी मीठ तिथेच राहते. वाळवा, मिरज, शिरोळकडच्या लोकांना क्षारपड जमीन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी कृष्णाकाठची काळी रानेच्या राने आधीच वाया गेली आहेत. तिथे खारट, बिनरंगी पाणी ‘प्रक्रिया केलेले’ म्हणून सोडणे परवडणारे नाही. ज्वारी थोडेफार क्षार सोसते, उडीद मात्र लवकर मान टाकतो. दोन्ही दाणे वापरण्याचा फायदा इथे दिसतो. मीठ काढायचे तर पडद्यातून गाळणे आणि उरलेले पाणी आटवणे भाग आहे. २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद झाले, तेव्हा मुद्दा हाच होता, पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. हा खर्च लहान कारखान्याला एकट्याने झेपत नाही, म्हणून सामायिक केंद्रांवर सरकारी पैसा लागणे अटळ आहे.

दाणे उगवण्याची चाचणी सरकारी कामकाजात बसेल का, अशीही शंका निघेल. सांडपाण्याच्या राष्ट्रीय मानकांत माशांची चाचणी आधीपासूनच आहे: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. म्हणजे तत्त्व मान्य आहे. काचेची बशी, टिपकागद आणि मूठभर ज्वारी-उडीद लागणारी चाचणी त्याच्या जोडीला आणणे प्रदूषण नियंत्रण मंडळाला अवघड नाही. साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांनाही ती दर महिन्याला करता येईल, आणि निकाल गावाच्या फलकावर लावता येईल.